व्याहीसाहेबांची सोळा पानं

माझ्या व्याह्यांइतकी कमी पुस्तकं वाचलेला आणि त्यांच्याइतकं जास्त वाचन केलेला दुसरा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात कुणी दाखवून द्यावा, मी त्याच्या घरी पाणी भरायला तयार आहे. त्यांनी जन्मात एकच पुस्तक वाचलं. कादंबरी, ऐतिहासिक, आणि त्यातही प्रेमाची. पण ते एक पुस्तक ते गेली छत्तीस वर्षं दरवर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि त्यातला शिलेदार देसायांच्या कन्येला विहिरीपाशी पहिल्यांदा पाहतो तेव्हा दरवर्षी, आता ह्या दोघांचं कसं होणार, अशा काळजीनं त्यांचा चेहरा उतरतो. मी स्वतःला वाचणारा माणूस समजतो. निवृत्त होईपर्यंत कचेरीत फायली वाचल्या आणि घरी कादंबऱ्या. दोन्हींतलं आता फारसं काही आठवत नाही. व्याह्यांना मात्र त्यांच्या पुस्तकातल्या घोड्यांचीसुद्धा नावं पाठ आहेत. एकदा मी चुकून शिलेदाराच्या घोडीला घोडा म्हणालो, तर जेवता जेवता त्यांचा घास हातात राहिला होता.

आमची ओळख झाली ती लेकीमुळे. आम्ही मूळचे वैरागचे, नोकरीमुळे सोलापुरात आलो आणि जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहिलो. लेकीनं पूर्व भागातल्या विणकराच्या घरातला, तेलुगू बोलणारा मुलगा पसंत केला. आम्ही जातपात मनावर घेतली नाही असं सांगितलं तर खोटं होईल. घेतली, पण आठवडाभरात खाली ठेवली. खरी धास्ती वेगळीच होती. “त्यांचं त्येलगू, आपलं ह्ये असलं,” आमची ही म्हणाली, “बसल्यावर बोलायचं काय अन् कसं?” ठरलेल्या दिवशी व्याही आले. सडपातळ बांधा, पांढरा शर्ट, कानात कापसाचा अत्तराचा फाया. दारातच थांबून किंचित वाकले आणि म्हणाले, “आज्ञा असेल तर आत येतो.” आज्ञा दिली. पंख्याखालच्या खुर्चीवर टेकले, घसा साफ केला आणि पुढचं वाक्य असं आलं, “आमचे चिरंजीव आपल्या कन्येवर लुब्ध झाले आहेत. आम्ही सोयरीक मागण्यास आलो आहोत. नकार मिळाला तरी आपल्या मुलखाशी आमचं वैर नाही.”

ही पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मी मागोमाग गेलो, तर ओट्याला टेकून हसत होती. “अवो, ह्ये नाटकात हुते का?” म्हटलं, तूच विचार. “मला न्हाई जमायचं,” ती डोळे पुसत म्हणाली, “पण माणूस लई ग्वाड हाय. देऊन टाका पोरगी.” आमच्या घरातला एवढा मोठा निर्णय एवढ्या थोडक्या शब्दांत त्याआधी कधी झाला नव्हता.

ह्या भाषेचं मूळ पुढे कळलं. व्याह्यांची शाळा तेलुगूत चौथीपर्यंत झाली आणि मग ते चादरीच्या कारखान्यात मागावर लागले. मराठी कानावर होती, जिभेवरही थोडीफार होती, पण वाचता येत नव्हती. एकदा टॉवेलांच्या गठ्ठ्यांत घालायला रद्दीची पोती आली, त्यात हे जाडजूड पुस्तक निघालं. मुखपृष्ठ शाबूत होतं. त्यावर एक घोडेस्वार आणि एक पाठमोरी बाई. ती बाई कुणाकडे पाहतेय ते कळावं, एवढ्यासाठी हा माणूस मराठी वाचायला शिकला. दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं जुळवली, अडलं तिथं कारखान्यातल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, विचारलं, आणि वर्षभरात पुस्तक संपवलं. त्यामुळे झालं असं, की आपण जी मराठी गल्लीत, शाळेत आणि भांडणात शिकतो, ती त्यांनी दरबारात शिकली. शुद्ध मराठी म्हणजे हीच, अशी त्यांची समजूत झाली आणि ती मोडायचं धाडस आजवर कुणी केलेलं नाही.

रिक्षावाल्याला ते सांगतात, “सात रस्त्यापर्यंत कूच करणे आहे.” रिक्षावाला म्हणतो, “क्या बोलते चाचा? बैठो, छोडतूं,” आणि दोघांचंही काही अडत नाही. मोबाइलवर निरोप आला की तो खलिता असतो. नातवाच्या वाढदिवसाचा फोटो मला “सोबत चित्र जोडले आहे, अवलोकन व्हावे” अशा मजकुरानं येतो. मागं एकदा आमच्या हिच्या पोटात बिघाड झाला, तर त्यांचा फोन आला, “वहिनीसाहेबांच्या मुलखातली बंडाळी मोडली का?” बँकेत पासबुक छापायचं यंत्र बंद पडलं होतं, तेव्हा खिडकीतल्या मुलीला ते अतिशय नम्रपणे म्हणाले, “यंत्र सुरू होईतो आम्ही इथेच तळ देतो.” तिला वाटलं, हे आंदोलन आहे. तिनं आत जाऊन साहेबांना सांगितलं, साहेब स्वतः बाहेर आले, व्याह्यांना आत नेऊन चहा पाजला आणि पासबुक हातानं भरून दिलं. त्या शाखेत त्यांना अजून कुठल्या तरी संघटनेचे पुढारी समजतात.

पण ह्या सगळ्या गमती झाल्या. व्याह्यांचं खरं दर्शन घ्यायचं असेल तर वाचनाच्या दिवसांत त्यांच्या घरी जायला हवं. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, माग बंद असतात, गल्ल्या माणसांनी फुलून जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली की व्याही कपाटातून पुस्तक काढतात, त्याला हळदकुंकू लावतात आणि वाचायला बसतात. समोर विहीणबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात. आता मुलगा कमावता झाला, गुडघे कुरकुरू लागले, तरी त्यांचे हात मोकळे राहायला तयार नाहीत. त्या तिकडच्या, तेलंगणातल्या एका खेड्यातल्या. त्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून व्याही चार ओळी मराठीत वाचतात आणि त्याच तेलुगूत सांगतात. रोज एक प्रकरण, फार तर दीड. दिवाळीच्या तोंडावर कादंबरी संपते. छत्तीस वर्षांत एकही वर्ष चुकलेलं नाही. मागांचा संप असताना वाचलं, मुलाच्या जन्माच्या वर्षी तर बाळंतिणीच्या खाटेशेजारी बसून वाचलं.

सगळ्या कादंबरीत विहीणबाईंचा जीव अडकलेला आहे तो लग्नाच्या भागात. तो भाग मी एकदा ऐकला. मला तेलुगूचं अक्षर कळत नाही, पण लेक एव्हाना फाडफाड बोलायला शिकली होती, ती माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. देसाई कन्या द्यायला तयार नाहीत. शत्रूचे स्वार मागावर आहेत. शिलेदार पळत पळत एका विणकराच्या घरी लपतो. महिनाभर तिथे राहतो, खड्ड्यातल्या मागावर बसतो, विणायला शिकतो, आणि स्वतःच्या हातानं नवरीसाठी शालू विणतो. ह्या शालूच्या काठाचं वर्णन व्याही अर्धा तास करतात. शेवटी लग्नाच्या दिवशी नवरी शालू उलगडते, तर पदरात एक धागा चुकलेला. ती त्यावर बोट ठेवून विचारते, “इथे काय झालं?” शिलेदार म्हणतो, “इथे तुमची आठवण झाली.” विहीणबाईंचे हात सुपात थांबले होते. शिलेदाराचा पाय पुढे कादंबरीभर लंगडत असतो, तोसुद्धा त्या खड्डामागावर महिनाभर बसून धरला म्हणे. ऐतिहासिक कादंबरीत सोलापुरी दुखणं आलेलं पाहून मला लेखकाचं कौतुक वाटलं.

इतकं, की मी पुस्तक घरी वाचायला मागून नेलं. व्याह्यांनी ते दिलं, पण लेकीची पाठवणी करताना मीही एवढा हललो नव्हतो. घरी आणून लग्न शोधतो, तर लग्न कुठे नाहीच. नीट पाहिलं तेव्हा उमगलं. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या जुड्या करून बांधतात. बांधणाऱ्यानं एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर ही जुडी दोनदा घातली होती आणि तिच्या पुढची विसरला होता. एकशे शहात्तराव्या पानावर शिलेदार जंगलात शिरतो आणि एकशे त्र्याण्णवाव्या पानावर लग्न होऊन लंगडत गडावर फिरत असतो. म्हणूनच ती प्रत रद्दीत गेली असणार. मला वाटलं, व्याह्यांनी कधीतरी दुसरी प्रत मिळवून ती पानं पाठ केली असतील. त्यांना पुरी प्रत भेट द्यायची, असं मी मनाशी ठरवलं आणि कुणाला काही बोललो नाही. पुण्यातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याच्या दोन वर्षं मागं लागलो. अखेर ह्या भाद्रपदात पार्सल आलं. मला माझ्या वाचनाचा एवढा अभिमान, पण आलेलं पुस्तक उघडून ती सोळा पानं आधी चाळावीत, एवढं काही मला सुचलं नाही.

त्याच आठवड्यात व्याह्यांचा मोतीबिंदू काढला होता. (“उजव्या डोळ्यासमोर धुकं आहे, शत्रू कोण आणि मित्र कोण कळत नाही,” असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं.) डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद केलं. वाचन तेव्हा बरोबर दीडशेव्या पानापर्यंत आलेलं. मी पोचलो तर व्याही काळा चष्मा लावून खाटेवर बसलेले आणि विहीणबाई सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला सांगत होत्या, “आता तूच वाच की पोरी. साल चुकवायचं न्हाई.” आयताच मुहूर्त साधला, असं वाटून मी पिशवीतून पुस्तक काढलं. “हे घ्या! नवीकोरी नाही, पण पुरी प्रत. अक्षर ठसठशीत. एक पान इकडचं तिकडे नाही!” विहीणबाई हरखल्या. “अण्णा, लई चांगलं केलंत,” म्हणत चहा टाकायला आत गेल्या. लेकही त्यांच्या मागोमाग गेली. व्याह्यांनी माझं मनगट धरलं.

“व्याहीसाहेब, मी तिला फशिवलंय हो,” ते कुजबुजले. मी त्यांच्या तोंडून साधी सोलापुरी पहिल्यांदाच ऐकत होतो. “ती पानं मी कधी बगितलीच न्हाईत. ते लगीन माझं हाय. मी रचलेलं.”

मग भराभर सगळं सांगून टाकलं. लग्न झालं त्या वर्षी विहीणबाई सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. लग्न इथे सोलापुरात लागलं आणि माहेरची माणसं दुसऱ्याच दिवशी परत गेली. इथे घरातली माणसं सोडली तर ओळखीचं कुणी नाही, गल्लीबाहेर पडलं की सगळी मराठी. दिवसचे दिवस रडायच्या. तेव्हा ह्यांनी पुस्तक काढलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. हळूहळू रडणं थांबलं. रोज दुपारी, पुढं काय झालं, असं विचारू लागल्या. आणि ऐन रंगात आल्यावर पानंच नाहीत! “पुडं न्हाई म्हणून सांगितलं असतं तर ती परत रडायला लागली असती. मागावर धागा तुटला तर आमी माग सोडून उटत न्हाई. गाठ मारायची अन् पुडं विणायचं. तशी मारली गाठ. दर साली थोडं थोडं वाढत गेलं. ती म्हणती, सगळ्या पुस्तकात ह्येच खरं. आता पोरगी खरं वाचणार. ती म्हणंल, छत्तीस वर्षं ह्यानं मला लबाड सांगितलं.”

मी पुस्तक उघडलं. भांड्यांचा आवाज येत होता तोवर दबक्या आवाजात ती सोळा पानं त्यांना चाळत चाळत, मधलं गाळत वाचून दाखवली. पहिली अकरा पानं गडावरच्या धान्यसाठ्याबद्दल होती. मग कारभाऱ्यांचं एक लांबलचक पत्र. शिलेदार जंगलातून बाहेर येताना घोडीवरून पडतो आणि पाय मोडून घेतो. आणि शेवटच्या पानावर, खाली, एक ओळ: शुभमुहूर्तावर उभयतांचा विवाह यथासांग पार पडला. “घोडीवरून पडला? शिलेदार?” भीती बाजूला राहून त्यांना राग आला होता. “आणि विवाह एका ओळीत? माणसानं लिहायला बसताना काही विचार करावा!” मला हसूही आवरेना आणि स्वतःच्या मूर्खपणाची शरमही वाटत होती. पुस्तक परत पिशवीत घालावं म्हटलं, तोवर चहा आला आणि विहीणबाईंनी ते माझ्या हातातून घेऊन कपाळाला लावलं.

तीन-चार दिवसांनी वाचन त्या पानांपाशी येणार होतं. आम्ही दोघांनी मसलती पुष्कळ केल्या. लेकीला फितवावं म्हटलं, तर ती म्हणाली, “बाबा, एवढं सगळं तेलुगूत रचून सांगायला मी काय मामंजी आहे?” जुनंच पुस्तक पुढं करावं, तर त्यात ती एकच जुडी दोनदा वाचताना लेक पकडली जाणार. शेवटी व्याही म्हणाले, “होऊ द्या. आम्ही शरण जातो.” त्या दुपारी मी मुद्दाम गेलो; घोळ मीच घातला होता, निस्तरायला नाही तरी शिव्या खायला हजर राहणं भाग होतं. ही पण आली. विहीणबाई सूप घेऊन बसल्या, व्याही काळ्या चष्म्याआड. लेकीनं वाचायला घेतलं. धान्याची कोठारं झाली, कारभाऱ्यांचं पत्र झालं, घोडी झाली. ती ओळ लेकीनं वाचली आणि तेलुगूतही तेवढ्यातच सांगून संपवली. व्याह्यांनी हात जोडले आणि काही बोलायला तोंड उघडलं.

“थांब गं पोरी. मिट ते पुस्तक,” विहीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “अण्णा, राग मानू नका. तुमच्या पुस्तकात ते न्हाई. ह्यांच्यातबी न्हाई. मला म्हाईत हाय की.”

व्याह्यांचे हात जोडलेलेच राहिले.

“पैल्या वर्षापास्नं बगायले मी,” त्या म्हणाल्या. “बाकी टायमाला चार वाक्यं झाली की पान उलटत्यात. लगीन आलं की हात हालत न्हाई. दोन दोन दिवस तेच पान. डोळं पुस्तकात न्हाई, माझ्याकडं. मग लगीन संपलं की सगळा गठ्ठा एकदम पलीकडं टाकत्यात. वाचाया येत न्हाई मला, पण डोळं हायत की.”

“आवो, मग कधी बोलला का न्हाई?” आमच्या हिनं विचारलं.

“बोलले असते तर ह्ये लाजून सांगायचं बंद केले असते की,” विहीणबाई म्हणाल्या. आणि सूप बाजूला ठेवून, व्याह्यांकडे तोंड करून, त्यांनी स्वतःच तेलुगूत सुरुवात केली. शिलेदार, विणकराचं घर, खड्ड्यातला माग. शालूचा काठ त्यांनी एकही बुट्टी न गाळता सांगितला. व्याही काळ्या चष्म्यातून त्यांच्या आवाजाकडे पाहत होते. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होते. लेक माझ्या कानाशी सांगत होती. लग्नाची वेळ झाली, नवरीनं शालू उलगडला, आणि तिथे लेक अडखळली. म्हणाली, बाबा, हे नवीन आहे. नवरीची आई आली. तीन दिवस पायी चालत आली, आणि सगळ्यांच्या पुढे बसली.

व्याह्यांनी मान वर केली आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. विहीणबाईंनी तितक्याच हळू उत्तर दिलं. मी लेकीला खुणेनं विचारलं, काय म्हणाले? तिचे डोळे भरले होते. “ते म्हणाले, हे तर मी कधी सांगितलं नाही. आणि त्या म्हणाल्या, तुम्ही नाही. पण मी दरवर्षी ऐकताना तिथे आईला बसवत आले.” विहीणबाईंच्या लग्नाला त्यांची आई आजारी असल्यामुळे येऊ शकली नव्हती, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती गेली, हे लेकीला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. सोयरीक होऊन चार वर्षं झाली होती आणि मी त्या माउलीला कधी माहेरचं विचारलंही नव्हतं.

पुढची गोष्ट विहीणबाई सांगत राहिल्या. लेकीनं मला सांगायचं सोडून दिलं आणि मीही तिला विचारलं नाही. ही पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत होती. तिलाही तेलुगूचं अक्षर येत नाही. चहा कधीच निवून गेला होता. मध्येच एके ठिकाणी व्याह्यांनी हात वर करून विहीणबाईंना थांबवलं, शालूच्या पदराबद्दल काही दुरुस्ती सांगितली, त्यांनी ती साफ धुडकावून लावली आणि दोघं हसली. मग व्याही जरा सरकले आणि खाटेवर आपल्या शेजारी, भिंतीकडच्या बाजूला, एका माणसापुरती जागा मोकळी केली. विहीणबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि न थांबता, सांगत सांगतच, तिथे जाऊन बसल्या.